पाण्यात मोटर, मोटरीत पाणी

बोअरमध्ये नवी सबमर्सिबल मोटर सोडताना कधी जवळ उभे असाल, तर एक गोष्ट नक्की खटकली असेल. पाईप जोडण्याआधी मिस्त्री मोटर उभी करतो, वरच्या बाजूचा एक छोटा प्लग पान्यानं काढतो आणि त्या भोकातून आत चक्क स्वच्छ पाणी ओततो. मोटर हलवतो, बुडबुडे निघू देतो, पुन्हा ओततो. काठोकाठ भरली की प्लग आवळतो. ओल्या हातानं बटण दाबायचं नाही, असा दम ज्या घरात पोरांना रोज दिला जातो, त्याच घरची तीन फेजची मोटर आतून पाण्यानं भरून वर पुन्हा पाण्यात सोडली जाते. आणि ती वर्षानुवर्षं चालते.

अशी कोडी आजूबाजूला आणखीही आहेत. गावाकडच्या डीपीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये, तेल भरलेलं असतं आणि तिच्या लोखंडी टाकीतून ११ हजार व्होल्टची लाईन आत शिरते. फ्रीजच्या मागच्या काळ्या कॉम्प्रेसरमध्ये मोटर, तेल आणि गॅस एकत्र कोंडलेले असतात. तिथेही वीज बाहेरूनच आत जाते, पण पंधरा-पंधरा वर्षं गॅसचा टिपूस बाहेर येत नाही.

वायर आत नेण्यासाठी यंत्राच्या भिंतीला भोक पाडून ते बुजवणं हा यातला सोपा भाग. बुजवलेलं टिकत नाही, ही खरी अडचण. कारण तिथे दोन निराळ्या पदार्थांची गाठ असते आणि त्या गाठीवर चार बाजूंनी भार येतो: द्रवाचा दाब, तापणं-निवणं, विजेचा ताण आणि द्रवाची रासायनिक झीज. चारही भार एकदम पेलणारं बूच बनवणं फार अवघड. म्हणून हुशार कारागीर बूच मजबूत करण्याच्या मागे कमी लागतो. बुचावरचा एखादा भार परस्पर दुसरीकडे कसा सरकवता येईल, हे तो आधी बघतो.

दाबाशी भांडायचंच नाही

पाण्यात दर १० मीटर खाली गेलं की प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर साधारण १ किलोचा दाब वाढतो. बोअर किती फूट आहे याला इथे अर्थ नाही, मोटर पाण्याच्या पातळीखाली किती आहे ते मोजायचं. ती ९० मीटर खाली असेल तर दाब ९ किलो. केबलसाठी मोटरीला दोन सेंटीमीटर व्यासाचं भोक पाडलं, तर त्यातल्या बुचावर सुमारे २८ किलोचा रेटा चोवीस तास बसणार. आत नुसती हवा असती तर हा सगळा रेटा त्या बुचाला आणि फिरत्या दांड्याच्या सीलला एकट्यानं सोसावा लागला असता.

म्हणून आत पाणी भरतात. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही. मोटरीच्या तळाशी एक रबरी पडदा असतो. बाहेरच्या पाण्याचा दाब वाढला की पडदा किंचित आत रेटला जातो आणि आतल्या पाण्याचा दाबही तेवढाच होतो. बाहेर ९ आणि आत ९, म्हणजे बुचाच्या वाट्याला शून्य. मोटर तापली की आतलं पाणी फुगतं आणि पडदा बाहेर सरकतो. निवली की परत येतो. बाहेरचं गाळाचं पाणी आतल्या स्वच्छ पाण्यात मिसळू न देणं, एवढंच हलकं काम बुचाला उरतं. आतलं पाणी शिवाय बेअरिंगला वंगण म्हणून चालतं आणि वायंडिंगची उष्णता बाहेरच्या आवरणापर्यंत नेतं. म्हणूनच ते न भरता मोटर सोडली, तर पहिल्या काही मिनिटांतच बेअरिंग घासायला लागतं.

आता वीज. साध्या मोटरीच्या वायंडिंगच्या तारेवर वार्निशसारखा पातळ इनॅमलचा थर असतो. त्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतातच. हवेत ती खपून जातात, पाण्यात खपत नाहीत. सबमर्सिबलच्या तारेवर पीव्हीसीचा जाड थर असतो किंवा पॉलिएस्टर आणि पॉलिप्रॉपिलीनच्या पट्ट्या एकावर एक चढवून गुंडाळलेल्या असतात. थोडक्यात, पाणी अडवण्याचं काम भिंतीकडून काढून तारेच्या संपूर्ण लांबीकडे दिलं.

मग कच्चा दुवा कोणता? जॉइंट. मोटरीतून बाहेर आलेली आखूड केबल आणि वरपर्यंत जाणारी लांब फ्लॅट केबल जिथे जोडतात ती जागा. चांगला मिस्त्री तिन्ही तारांचे जोड एकाच ठिकाणी येऊ देत नाही. प्रत्येक जोड खाली-वर ठेवतो. तांब्याच्या स्लीव्हमध्ये तारा दाबून बसवतो, त्यावर ताणली की आपल्यालाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप अर्ध्यावर अर्धा वेढा देत गुंडाळतो आणि वरून पीव्हीसी टेप लावतो. मग तो जोड बादलीभर पाण्यात बुडवून तार आणि पाणी यांच्यामध्ये मेगर लावतो. मेगर म्हणजे ५०० व्होल्टच्या आसपास ताण देऊन, इन्सुलेशनमधून किती वीज झिरपते ते मोजणारं यंत्र. हे बादलीचं काम जो टाळतो, त्याला मोटर पुन्हा ओढायला यावं लागतं. बोअरमधले सगळे पाईप परत वर काढण्याची मजुरी पाहिली, तर बादली फारच स्वस्त.

रबर दबत नाही, सरकतं

जिथे आत-बाहेर दाब सारखा करता येत नाही, तिथे ग्लँड लागते. पॅनलबोर्डवर किंवा पंपाच्या डब्यावर जो गोल नट दिसतो, ज्यातून केबल आत जाते, ती ग्लँड. आत रबराची एक जाड बांगडी असते. नट आवळला की ती दाबली जाते असं आपल्याला वाटतं. खरं तर रबराचं आकारमान जवळपास कमी होतच नाही, ते आकार बदलतं. वरून रेटलं की आडवं पसरतं आणि आतल्या केबलला घट्ट मिठी मारतं.

हे एकदा कळलं की बऱ्याच चुका आपोआप दिसू लागतात. गोल ग्लँडमध्ये फ्लॅट केबल घातली तर दोन्ही कडांना फट राहणारच, नट कितीही आवळा. एका ग्लँडमधून तीन सुट्या वायरी ओवल्या तर त्यांच्या मधल्या पोकळीत रबर पोचत नाही. गोल केबल आणि तिच्याच मापाची बांगडी हाच नियम. फ्लॅट केबल वापरायचीच असेल तर भोक चपटं असलेली बांगडी वेगळी मिळते, ती मागून घ्यावी. आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. केबलचं पीव्हीसी सततच्या दाबाखाली हळूहळू सरकत राहतं. आज घट्ट बसवलेली ग्लँड काही महिन्यांनी सैल पडलेली असते, तिला एक फेरी पुन्हा आवळावं लागतं.

ओ-रिंगमध्ये याच गुणाचा आणखी चलाखीनं उपयोग केलाय. डेन्मार्कमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत काम केलेले नील्स क्रिस्टेन्सन यांना तिचं पेटंट १९३९ मध्ये मिळालं. रबराची साधी गोल कडी, पण ती बसवायची खाच कडीपेक्षा थोडी रुंद. द्रवाचा दाब आला की तो कडीला खाचेच्या एका टोकाला ढकलतो, कडी तिथल्या फटीवर पसरते आणि आणखी घट्ट बसते. दाब जितका जास्त, तितकी पकड पक्की. खाच कडीच्या अगदी मापात केली असती तर रबराला सरकायला जागाच उरली नसती.

बाजारात आयपी६७, आयपी६८ असे आकडे छापलेले दिसतात. पहिला ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही. दुसरा ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं चालेल. ८ म्हणजे सतत पाण्याखाली चालेल, पण किती खोल ते कंपनीनं स्वतः सांगायचं. तो खोलीचा आकडा विचारल्याशिवाय आयपी६८ ला फारसा अर्थ नाही. शिवाय ही चाचणी पाण्यातली असते. तेलात गणित बदलतं: नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगून मऊ पडतं, म्हणून तिथे नायट्राइल रबर वापरतात. साधी पीव्हीसी केबल तेलात राहिली तर तिला लवचिक ठेवणारं प्लास्टिसायझर तेलात उतरतं आणि केबल काडीसारखी ताठ होते. सर्व्हर थंड ठेवण्यासाठी ते तेलाच्या टाकीत बुडवून ठेवणाऱ्यांना हे चांगलंच ठाऊक असतं.

डीपीवरची उंच आणि ठेंगणी

पुढच्या वेळी डीपीजवळून जाताना, लांबूनच, तिच्या डोक्याकडे नीट बघा. एका बाजूला चिनी मातीची तीन उंच, झालरी असलेली बुशिंगं, म्हणजे विजेचा दांडा टाकीला न टेकवता आत नेणारी नळकांडी, दिसतील. दुसऱ्या बाजूला चार ठेंगणी. उंच बाजूला ११ हजार व्होल्ट येतात. ठेंगण्या बाजूनं ४३३ व्होल्टचे तीन फेज आणि एक न्यूट्रल बाहेर पडतात. पण आतल्या धातूच्या दांड्यांचं उलटं आहे. १०० केव्हीएच्या डीपीत पूर्ण भारावर उंच बाजूच्या प्रत्येक दांड्यातून जेमतेम सव्वापाच अँपिअर वाहतात, तर ठेंगण्या बाजूला सुमारे १३३ अँपिअर. म्हणून उंच बुशिंगचा दांडा बारीक आणि ठेंगण्याचा जाड. उंची व्होल्टेजसाठी, जाडी करंटसाठी.

उंची कशाला? टाकी अर्थ केलेली, म्हणजे शून्य व्होल्टवर. तिच्यापासून काही सेंटीमीटरवरून जाणारा दांडा जमिनीच्या तुलनेत सुमारे ६,३५० व्होल्टवर. वीज हवेतून सरळ उडी मारत नाही, पण चिनी मातीच्या पृष्ठभागावर धूळ आणि ओल बसली की त्यावरून सरपटत जाऊ शकते. हा सरपटण्याचा रस्ता लांबवण्यासाठी झालरी असतात. पावसात झालरीची खालची बाजू कोरडी राहते आणि ओलीचा सलग पट्टा तयार होत नाही. जास्त प्रदूषणाच्या जागी दर किलोव्होल्टला २५ मिलिमीटर असा हिशेब धरतात. म्हणजे अशा लाईनच्या १२ केव्ही दर्जाच्या बुशिंगला ३०० मिलिमीटर. कोकण किनाऱ्यावर खारं वारं चिनी मातीवर मिठाचा थर चढवतं. पहाटेच्या दवानं तो भिजला की बुशिंगमधून जी चुरचुर ऐकू येते, ती याच सरपटणाऱ्या विजेची.

आता तेल. तापमान १ अंश वाढलं की ट्रान्सफॉर्मरचं तेल सुमारे ०.०७५ टक्क्यानं फुगतं. ऐकायला क्षुल्लक, पण टाकीत १०० लिटर तेल असेल आणि ते ४० अंशांनी तापलं तर ३ लिटर जास्तीचं तेल जाणार कुठे? जागा नसेल तर ते सर्वांत कमकुवत ठिकाण शोधतं, आणि ते ठिकाण बहुधा बुशिंगखालचं गॅस्केट असतं. म्हणून डीपीच्या वर आडवी छोटी टाकी असते. फुगलेलं तेल तिच्यात चढतं. ती श्वास घेते सिलिका जेलच्या डब्यातून. निळे खडे हवेतला ओलावा शोषून गुलाबी होतात. काही नव्या डीपी पूर्ण सीलबंद असतात. त्यांच्या टाकीचे नालीदार पत्रेच आत-बाहेर होऊन तेलाचं फुगणं सामावून घेतात. बुचावरचा भार दुसरीकडे सरकवण्याचं याहून साधं उदाहरण मला माहीत नाही.

तरीही डीपीचं तेल गळतंच. बरेचदा दोष गॅस्केटचा नसतो, वरच्या सैल नटाचा असतो. ४३३ व्होल्टच्या बाजूला केबलच्या टोकाचा लग सैल राहिला की तो जोड तापतो, उष्णता दांड्यातून खाली उतरते, गॅस्केटचं रबर भाजून कडक होतं आणि तडकतं. गळतं खाली, दुखणं वर.

जास्त करंटच्या कामात आणखी एक फसगत होते. लोखंडी पत्र्याला एकच फेज जाईल असं भोक पाडलं, तर त्या तारेभोवतीचं बदलतं चुंबकीय क्षेत्र पत्र्यात विजेचे भोवरे तयार करतं आणि पत्राच तापतो. तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकाच भोकातून नेले की त्यांची क्षेत्रं एकमेकांना मारतात. मोठ्या ट्रान्सफॉर्मरला प्रत्येक दांडा वेगळाच न्यावा लागतो. तिथे भोकांच्या मधल्या पत्र्यात चुंबकाला न चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलची पट्टी घालतात.

काच आणि लोखंडाची सोयरीक

फ्रीजच्या कॉम्प्रेसरला यातला एकही मार्ग चालत नाही. आतल्या गॅसचा रेणू इतका लहान की तो रबरातूनही सावकाश झिरपतो. पूर्वी मोटर बाहेर असायची आणि फिरणारा दांडा कॉम्प्रेसरच्या भिंतीतून आत जायचा. फिरत्या दांड्याभोवतीचं सील झिजायचं आणि गॅस गळायचा, तोही सल्फर डायऑक्साइडसारखा घसा जाळणारा. जनरल इलेक्ट्रिकनं १९२७ मध्ये बाजारात आणलेला ‘मॉनिटर टॉप’ फ्रीज घराघरांत पोचला, कारण त्यात मोटरच आत टाकून सगळं वेल्ड करून टाकलं होतं. भिंतीतून फिरता दांडा जाण्याऐवजी फक्त स्थिर पिना गेल्या.

आजच्या कॉम्प्रेसरचं बाजूचं टोपण काढलं की कॉमन, रन आणि स्टार्ट अशा तीन पिना दिसतात. प्रत्येकीभोवती काचेचं छोटं कडं आणि सगळ्यांना धरणारी पोलादी वाटी. वीज अडवायला काच उत्तम, गॅस अडवायलाही उत्तम. पण काच आणि धातू एकत्र तापले-निवले की काच तडकायला हवी. ती तडकत नाही हीच करामत.

एक मीटर लांबीच्या कांड्या १०० अंशांनी तापवल्या तर पोलाद साधारण १.२ मिलिमीटर वाढतं, तांबं १.७, प्लॅटिनम ०.९ आणि साधी काचही ०.९, पीव्हीसी तर ५ ते ८. प्लॅटिनम आणि काच जुळतात, म्हणून एडिसनच्या सुरुवातीच्या बल्बमध्ये काचेतून आत जाणाऱ्या तारा प्लॅटिनमच्या असत. महागडा मामला. पुढे स्विस वंशाचे शास्त्रज्ञ शार्ल एदुआर गियोम यांना १८९६ मध्ये लोखंड आणि निकेलचं ‘इन्व्हार’ नावाचं मिश्रण सापडलं, जे तापल्यावर जवळपास वाढतच नाही. त्या कामासाठी त्यांना १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निकेलचं प्रमाण कमी-जास्त करून कुठल्याही काचेशी जुळणारा धातू करता येतो, हे लक्षात आल्यावर प्लॅटिनमची गरज संपली. कोव्हार हा त्यातलाच एक, निकेल २९ टक्के, कोबाल्ट १७ आणि बाकी लोखंड. कडक बोरोसिलिकेट काचेसाठी खास.

कॉम्प्रेसरमध्ये मात्र जुळणी न करता मुद्दाम बेबनाव ठेवतात. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवताना लोहार ती शेणींच्या जाळात लाल करतो, फुगलेली धाव लाकडी चाकावर चढवतो आणि पाणी ओततो. आकसणारी धाव चाकाचे सगळे तुकडे आवळून धरते. पोलादी वाटीही तशीच. भट्टीत काच वितळून पिनेला आणि वाटीला चिकटते. थंड होताना पोलाद काचेपेक्षा जास्त आकसतं आणि काचेला चारही बाजूंनी कायमचं दाबून ठेवतं. काच ओढली तर पटकन तुटते, पण दाबलेली काच विलक्षण चिवट असते. तडा उघडायला जागाच मिळत नाही.

तरीही ते टोपण कॉम्प्रेसर चालू असताना उघडू नये. पिनेचा वायरजोड सैल होऊन ठिणग्या उडाल्या, काच फुटली आणि पीन बाहेर फेकली गेली, तर मागोमाग गॅस आणि तेलाचा फवारा येतो. आजकालच्या घरगुती फ्रीजमधला आर६००ए गॅस म्हणजे आयसोब्युटेन, तो पेटतो.

वायरच नळी होते

ग्लँड पक्की, ओ-रिंग पक्की, भोवती ओतून कडक झालेली इपॉक्सी पक्की, तरीही पाणी आत. मग आलं कुठून? तारेच्या आतून.

लवचिक केबलचा गाभा बारीक तारांचा पेड असतो. सारख्या जाडीच्या गोल तारा कितीही चोख रचल्या तरी मधे किमान नऊ टक्के जागा मोकळी राहते. इतक्या अरुंद फटींमध्ये द्रव आपोआप ओढला जातो, त्याला केशाकर्षण म्हणतात. वर प्लास्टिकचं आवरण असतंच, म्हणजे झाली आयती नळी. काही मोटारगाड्यांत सेन्सरपाशी शिरलेलं इंजिन ऑइल वायरीच्या आतून मीटर-दीड मीटर प्रवास करून थेट इंजिनच्या संगणकात उतरतं. पंपाची केबल वरच्या बाजूला जोडायची राहिली आणि तिचं मोकळं टोक डबक्यात पडलं, तर तेवढ्यानं हवा भरलेल्या मडपंपात ओल पोचू शकते. आतली हवा निवून आकसते आणि पाणी स्वतःहून ओढून घेते.

समुद्राखालच्या केबलवाल्यांनी हा शत्रू लवकर ओळखला. १८६५ च्या अटलांटिक केबलचा गाभा सात तांब्याच्या तारांचा होता आणि त्यांच्यामधल्या फटी चॅटर्टन कंपाउंड नावाच्या चिकट मिश्रणानं भरलेल्या होत्या. आजचा साधा उपाय असा: भिंतीत जिथून केबल जाते तिथेच सेंटीमीटरभर आवरण सोलायचं, उघड्या पेडात सोल्डर पूर्ण मुरवून तो भरीव करायचा आणि मगच भोवती इपॉक्सी ओतायची. त्यामुळे इपॉक्सी प्लास्टिकऐवजी थेट धातूला धरते आणि आतली नळीही बंद होते. कॉम्प्रेसरच्या पिना भरीव का असतात, याचं उत्तर यातच आलं.

चौकट : गच्चीवरच्या टाकीत वायर सोडायची असेल तर

पाण्याच्या पातळीखाली भोक पाडू नका. पाण्याची पातळी सांगणाऱ्या सेन्सरची वायर झाकणाजवळून, वरूनच आत न्या. बाहेर वायरला खाली झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोळातून गळून जाईल, वायरीवरून आत वाहत येणार नाही. काळ्या प्लास्टिकच्या टाकीला इपॉक्सी नीट चिकटत नाही, कारण पॉलिथिलीन कशालाच धरत नाही. भोक पाडणं भागच असेल तर दोन्ही बाजूंनी रबरी वायसर आणि नट असलेलं टँक निपल लावा. टाकीत २३० व्होल्ट न नेता १२ व्होल्टचा सेन्सर घ्या आणि मोटरीच्या लाईनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाईन तोडणारा स्विच, बसवा.

भोकच नको असेल तर

माशांच्या टाकीतला छोटा पंप उघडून पाहिला, तर आत पाकळ्या असलेलं एक लोहचुंबक सुटं फिरताना दिसतं. ते पाण्यातच असतं. वीज वाहणारी कॉइल प्लास्टिकच्या भिंतीपलीकडे, इपॉक्सीत पूर्ण गाडलेली. कॉइलचं चुंबकीय क्षेत्र भिंत ओलांडून चुंबकाला फिरवतं. भिंतीतून ना तार जाते ना दांडा, त्यामुळे झिजणारं सीलच नाही. रसायनांच्या कारखान्यांत गळती परवडत नाही तिथले मोठे पंपही याच तत्त्वावर चालतात. एका बाजूचं चुंबक मोटर फिरवते आणि पत्र्यापलीकडचं चुंबक त्याच्यामागे फिरतं. पत्रा मात्र जाड असून चालत नाही, नाहीतर चुंबकांची पकड सुटते, आणि तो लोखंडाचाही नसावा लागतो. शिवाय मधला धातू भोवऱ्यांमुळे तापतो, म्हणून थोडी वीज वाया जाते. माशांच्या टाकीच्या पंपाला हा शेवटचा त्रास नाही, कारण त्याची भिंत प्लास्टिकची. इपॉक्सीत शिरणारी केबल मात्र त्यालाही आहे, आणि असा पंप बिघडला तर बहुधा तिथेच बिघडतो. म्हणून माशांच्या टाकीत हात घालण्याआधी प्लग काढायचा.